आधी पैसे, मग बोला : प्रीपेडचा जमाखर्च

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी "काहीतरी टेक्निकल, पण मेसच्या काकांनाही समजेल असं" लिही, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी सरळ नाहीच म्हटलं होतं. कारण माझं शिक्षण झालंय कॉन्व्हेंटमध्ये. शाळेत मराठी म्हणजे आठवड्याचे मोजके तास, आणि घरी आमची घिवलीची बोली, जिला शाळेतल्या टीचर मराठी मानायलाच तयार नसत! पण विषय मात्र माझ्याकडे आयता होता. माझ्या काकांचा पंधरा-सोळा वर्षं वापरलेला फोन नंबर गेला, आणि तो माझ्या चुकीने गेला. तेव्हापासून प्रीपेड या एका विषयावर मी जेवढं वाचलंय तेवढं एकाही सेमिस्टरच्या एकाही सब्जेक्टवर वाचलं नसेल. (सर, हे वाचत असाल तर सॉरी.) तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि पुढे वाचा.

आधी घिवलीबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचा हिशोब कळणार नाही. बोईसर स्टेशनला उतरायचं, पश्चिमेला समुद्राकडे निघायचं, की तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या शेजारी आमचं गाव लागतं. हॉस्टेलमध्ये "कुठली गं तू?" विचारलं की मी "तारापूर" सांगून मोकळी होते. समोरचा लगेच "म्हणजे अ‍ॅटॉमिक?" म्हणतो. हो, तेच. पहिली दोन युनिट्स १९६९ सालची, पुढची दोन २००५ आणि २००६ सालची. एका बाजूला अणुकेंद्र, दुसऱ्या बाजूला बोईसरची एमआयडीसी, समोर समुद्र. त्यामुळे आमच्याकडे पैसा घरात येण्याच्या तऱ्हाही वेगवेगळ्या. कोणाचा पगार एक तारखेला बँकेत पडतो. कोणी ठेकेदाराकडे हजेरीवर. कोणाचे पैसे बोट आली तर, आणि बोटीत मासळी असली तर. आणि चिंचणी-तारापूरच्या पट्ट्यात घरोघरी चालणारा आणखी एक धंदा म्हणजे डायचा. सोनाराला दागिन्याची नक्षी उठवायला पोलादाचा ठसा लागतो, तो छिन्नीने कोरून द्यायचा. माझे काका हेच काम करतात. ऑर्डर आली तर पैसे, नाहीतर नाही.

प्रीपेड चांगलं की वाईट, या प्रश्नाचं उत्तर यातल्या प्रत्येक घरात वेगळं येतं. हे मला फार उशिरा कळलं.

आता थोडी इंजिनिअरिंग. पोस्टपेडमध्ये तुम्ही फोन लावता, बोलता, ठेवता. एक्सचेंज, म्हणजे मोबाईल स्विचिंग सेंटर, त्या कॉलची एक नोंद करून ठेवतं : कोणी, कोणाला, किती वाजता, किती सेकंद. महिनाअखेर सगळ्या नोंदी गोळा होतात आणि बिल निघतं. किराणा दुकानातली उधारीची वहीच ती, फक्त कॉम्प्युटरवर. प्रीपेडमध्ये वही चालत नाही, कारण इथे उधार नाही. हिशोब चालू कॉलमध्येच व्हावा लागतो. तुम्ही नंबर डायल केला की स्विचला तुमच्या माहितीत एक खूण दिसते, की हा गिऱ्हाईक रोखीचा. मग तो कॉल क्षणभर तसाच धरून ठेवून स्विच दुसऱ्या कॉम्प्युटरला विचारतो, "याच्याकडे पैसे आहेत का?" जुन्या जीएसएममध्ये याला इंटेलिजंट नेटवर्क म्हणायचे, आता ऑनलाइन चार्जिंग सिस्टम म्हणतात. तो कॉम्प्युटर मोठा हुशार. तुमचा सगळा बॅलन्स एकदम मोकळा करत नाही. एवढ्या सेकंदांपुरते पैसे बाजूला काढले, तेवढं बोलू दे, संपत आलं की परत विचार, असं त्याचं चालतं. कॉल संपला की न वापरलेला तुकडा परत खात्यात. डेटाचंही तसंच, फक्त सेकंदांऐवजी एमबीचे तुकडे. आणि यातला पहिला प्रश्न आणि उत्तर पलीकडे रिंग वाजायच्या आत झालेलं असतं!

(या विचारपूस करणाऱ्या प्रोटोकॉलचं नाव डायमीटर. त्याच्या आधीच्या प्रोटोकॉलचं नाव रेडियस होतं. डायमीटर रेडियसच्या दुप्पट, म्हणून हे नाव. इंजिनिअर लोकांचे विनोद जगभर सारखेच वाईट असतात.)

सांगायचा मुद्दा असा की प्रीपेड ही नुसती मार्केटिंगवाल्यांची आयडिया नाही. चालू कॉलचा हिशोब करू शकणारा कॉम्प्युटर आल्याशिवाय ते शक्यच नव्हतं. पोर्तुगालमध्ये टीएमएन कंपनीने १९९५ मध्ये 'मिमो' नावाचं प्रीपेड आणलं, ते जगातलं पहिलं मानतात. त्याच वर्षी ३१ जुलैला भारतातला पहिला मोबाईल कॉल झाला. कोलकात्याहून ज्योती बसू बोलले आणि दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांनी उचलला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास पडायचे, आणि आलेला कॉल उचलायचेही पैसे! म्हणजे कोणी राँग नंबर लावला तरी भुर्दंड तुम्हालाच. बाबा सांगतात, त्या काळात गावात कोणाच्या कमरेला मोबाईल दिसला की तो माणूस एकतर बिल्डर नाहीतर बिल्डरचा मेव्हणा.

फोनची खरी लाट आली ती २००२-०३ मध्ये. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलचा मोबाईल आला, डिसेंबरमध्ये रिलायन्सचा, आणि २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. माझ्या मते आपल्याकडच्या प्रीपेडचा जन्म खरा तेव्हाचा. कारण इनकमिंग फुकट झाल्यावर शून्य बॅलन्सचा फोनसुद्धा कामाचा झाला. तुम्ही कोणाला फोन करू शकत नसाल, पण जगाला तुम्ही सापडू शकता. रोजंदारीवरच्या माणसाला याहून जास्त काय हवं? डिसेंबर २००५ मध्ये तर 'लाइफटाइम' प्लॅन आले. ९९९ रुपये एकदाच भरा, इनकमिंग आयुष्यभर चालू. आमच्या आजोबांनी हे लाइफटाइम घेतलं होतं. दुकानदाराला त्यांनी विचारलं म्हणे, "लाइफटाइम कोणाचा? माझा की सिमचा?" सगळे हसले. पण प्रश्न अगदी बरोबर होता, ते पुढे येईलच.

त्या काळातली मिस्ड कॉलची भाषा तुमच्याही घरी असणार. आमच्याकडे एक रिंग म्हणजे "बोईसरला उतरलो", दोन रिंगा म्हणजे "उशीर होईल, जेवून घ्या". बोट किनाऱ्याच्या रेंजमध्ये आली की बाबांचा मिस्ड कॉल यायचा आणि आई टोपल्या घेऊन निघायची. पैसे शून्य, निरोप पूर्ण. आता विचार केला तर वाटतं, ही तर आपली फुकटची सिग्नलिंग सिस्टम होती. कंपनीचं नेटवर्क वापरून, कंपनीला एक पैसा न देता! २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला. त्याआधी एकसष्टाव्या सेकंदाला दुसऱ्या मिनिटाचे पैसे लागायचे, म्हणून आजी घड्याळ समोर ठेवून बोलायची आणि वाक्य अर्धवट ठेवून फोन कापायची. अर्धवट राहिलेली वाक्यं मग दिवाळीला भेटल्यावर पूर्ण व्हायची.

तर प्रीपेडचे फायदे. पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे खर्चाला कुंपण. खिशात जेवढे आहेत त्याच्यापुढे जाताच येत नाही. घरी बिल येऊन दचकायला होत नाही, उधारी नाही, वसुलीवाल्याचे फोन नाहीत. डिपॉझिट लागत नाही, पगाराची स्लिप लागत नाही. आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना, ज्यांचं उत्पन्न म्हणजे घरून आलेली मनीऑर्डर (आता यूपीआय), दुसरं काही परवडणारही नाही. दुसरं, कंपनी आवडली नाही तर सोडायला सोपं. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. १९०० वर मेसेज टाकायचा, कोड येतो, तो घेऊन दुसऱ्याच्या दुकानात जायचं. पोस्टपेडवाल्याला आधी मागचं बिल चुकतं करावं लागतं. प्रीपेडवाला मोकळा. फक्त उरलेला बॅलन्स आणि व्हॅलिडिटी सोडून द्यावी लागते, म्हणून पोर्ट करायचं तर रिचार्ज संपता संपता करावं.

आणि तिसरा फायदा, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही : माणूस गावोगाव फिरणारा असेल तर त्याला पत्ता, बिल, मुदत यांचं ओझं नसतं. आमच्या एमआयडीसीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेली किती माणसं आहेत! त्यांच्या खोल्या बदलतात, ठेकेदार बदलतात. बिल पाठवायचं कुठे? देशाच्या मोबाईलधारकांत नव्वद टक्क्यांहून जास्त लोक प्रीपेडवर आहेत, ते उगाच नाही.

रोमिंगची एक गंमत सांगते. फोनच्या नकाशात मुंबई एक वेगळं सर्कल आहे, आणि आम्ही महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. म्हणजे पणजी आमच्या सर्कलमध्ये आणि मुंबई बाहेर! मुंबईचं सिम घेऊन माणूस आमच्याकडे आला की तो परप्रांतात, रोमिंग सुरू. रोज गाडीने मुंबईला नोकरीला जाणारे दोन दोन सिम बाळगायचे. ते सगळं आता इतिहासजमा झालं.

इथपर्यंत वाचून वाटेल की प्रीपेडइतकं गरिबाच्या सोयीचं काही नाही. मलाही असंच वाटायचं. पण ते ज्या प्रीपेडबद्दल खरं होतं ते प्रीपेड आता उरलेलं नाही. नाव तेवढं तेच आहे.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. त्याआधी एक जीबी डेटा साधारण अडीचशे रुपयांना पडायचा, तो एकदम फुकटच झाला, नंतर स्वस्त झाला. आपल्या पिढीचं यूट्यूब, एनपीटीईएलची लेक्चर्स, सगळं त्याच्यामुळे. मी स्वतः जेईईचा अर्धा अभ्यास अशाच डेटावर केलाय, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. पण त्याबरोबर प्रीपेडचा अर्थ बदलला. आधी आपण 'बॅलन्स' विकत घ्यायचो, म्हणजे बोलण्याचे पैसे. आता आपण 'व्हॅलिडिटी' विकत घेतो, म्हणजे दिवस. बोलणं अनलिमिटेड, पण दिवस मोजून. २०१८ च्या शेवटी मोठ्या खाजगी कंपन्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज पाठवले, की चालू राहायचं असेल तर दर २८ दिवसांनी निदान ३५ रुपयांचा रिचार्ज करा. आजोबांचं लाइफटाइम तिथे संपलं. आजोबा त्याच्या आधीच गेले होते, त्यामुळे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना कळलं नाही. लाइफटाइम सिमचासुद्धा नव्हता, प्लॅनचा होता!

पूर्वीचं प्रीपेड म्हणजे 'असतील तेव्हा भरा' असं होतं. आताचं प्रीपेड म्हणजे आगाऊ भाडं आहे. आणि भाडं सगळ्यांनाच एकसारखं परवडत नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आमच्या समोरच्या समुद्रात आहे. महाराष्ट्रात दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. एकसष्ट दिवस. बोटी वर ओढलेल्या, जाळी शिवायला काढलेली, घरात आवक शून्य. आता ३१ मे ला एक रिचार्ज मारला असं धरा. २८ दिवसांचे दोन रिचार्ज म्हणजे छप्पन्न दिवस. बंदी एकसष्ट दिवसांची. म्हणजे बंदी संपायला पाच-सहा दिवस राहिले की फोन बंद पडणार, आणि नेमके तेच दिवस बोटमालक खलाशांना "या, सीझन सुरू होतोय" म्हणून फोन करतात. तेव्हा ज्याचा फोन लागत नाही त्याच्या जागी दुसरा घेतला जातो. पूर्वी शून्य बॅलन्सवर हा फोन आला असता. आता तिसरा रिचार्ज पाहिजे, आणि तोही खिसा सगळ्यात रिकामा असताना. बरं, मोठ्या बोटी चार-सहा दिवस बाहेर जातात, तिथे रेंज नसते. ३६ मीटर उंच टॉवरवरून क्षितिज दिसतं साधारण २१ किलोमीटरवर (३.५७ गुणिले उंचीचं वर्गमूळ, करून बघा). त्याच्या थोडं पुढे गेलं की दांड्या गायब. व्हॅलिडिटी मात्र समुद्रातही चालूच राहते.

हे २८ दिवस कुठून आले? चार आठवडे, हिशोबाला सोपं. पण ३६५ भागिले २८ करा. तेरा येतात, बारा नाही. म्हणजे वर्षाला बारा महिने आणि रिचार्ज तेरा. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर रोज दीड जीबीवाला एक नेहमीचा प्लॅन २९९ रुपयांचा झाला. तेरा वेळा म्हणजे ३,८८७. बारा वेळा असता तर ३,५८८. तेरावा रिचार्ज हा दिसत नाही, पण असतो. आमच्या घरात पाच फोन. मी घरातलं 'रिचार्ज डिपार्टमेंट', कारण यूपीआय माझ्याकडे. वर्षाला पासष्ट रिचार्ज! कोणाची मुदत सोमवारी, कोणाची गुरुवारी. ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढून प्रत्येक कंपनीला निदान एकेक प्लॅन पूर्ण ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखेला रिन्यू होणारा ठेवायला लावला. म्हणजे असा प्लॅन असतो. पण अ‍ॅप उघडल्यावर पहिल्या नजरेला तो दिसेल याची गॅरंटी नाही. खाली स्क्रोल करा.

तीच गोष्ट टॉप-अपची. दहा रुपयांच्या टॉप-अपवर टॉकटाइम मिळतो ७ रुपये ४७ पैसे. कुठे गेले बाकीचे? दहा रुपयांत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, तो काढला की ८.४७ उरतात. त्यातून प्रोसेसिंग फीचा एक रुपया. शंभरच्या टॉप-अपला ही फी तीन रुपये, हाती येतात ८१.७५. म्हणजे पहिल्यात पंचवीस टक्के जातात, दुसऱ्यात अठरा. जो एका वेळी दहाच काढू शकतो त्याला मिनिट महाग. छोट्या पुडीतला शॅम्पू स्वस्त पडतो असं म्हणतात, रिचार्जचं उलट आहे.

आता काकांची गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

काकांच्या फोनमध्ये दोन सिम होती. जुन्या नंबरवर धंद्याचे फोन, झवेरी बाजारापासूनचे व्यापारी तोच नंबर ओळखायचे. दुसरं सिम घरच्यांसाठी. २०२४ च्या पावसाळ्यात छिन्नी सटकून काकांच्या हाताला मोठी जखम झाली, आणि पाच-सहा महिने काम बंद राहिलं. त्याच सुमाराला दर वाढले होते. मी विचार केला, तसंही काम बंद आहे, धंद्याच्या सिमचा रिचार्ज पुढच्या आठवड्यात करू. मग माझी केटी, मग सबमिशन, मग सेमिस्टर. तो 'पुढचा आठवडा' आलाच नाही. घरचे सगळे दुसऱ्या सिमवर फोन करत होते, त्यामुळे कोणाला काही जाणवलं नाही. फोनवर एका सिमच्या दांड्या दिसत होत्या, तेवढं पुरेसं होतं. कंपनीचे मेसेज येऊन गेले होते. सगळे इंग्रजीत, आणि घरात इंग्रजी वाचणारी मी हॉस्टेलला.

मार्च २०२५ मध्ये काका परत कामाला बसले आणि फोनची वाट बघू लागले. लग्नसराई असून एक ऑर्डर नाही. त्यांना वाटलं, हात असा झाला म्हणून व्यापाऱ्यांनी दुसरीकडे कामं दिली. कोणाला विचारायचंही त्यांना कमीपणाचं वाटलं. मी होळीला घरी गेले तेव्हा सहज त्यांचा नंबर लावला, तर एका बाईंनी उचलला. हिंदीतून म्हणाल्या, "राँग नंबर. और आप लोग ये डाय-डाय क्या पूछते रहते हो?"

माझ्या पोटात गोळा आला. मी दुकानात गेले तर तिथला मुलगा म्हणाला, "ताई, तो नंबर दुसऱ्याच्या नावावर चढला. आता काय होत नाय."

नियम काय आहे ते मी नंतर वाचलं. प्रीपेड नंबरवर सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही, म्हणजे कॉल नाही, मेसेज नाही, डेटा नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. त्याआधी नाही. पण, आणि हे पण अधोरेखित करून वाचा, खात्यात २० रुपये किंवा जास्त बॅलन्स असेल तर नंबर बंद न करता २० रुपये कापून मुदत ३० दिवसांनी वाढवायची, असा नियम २०१३ पासून आहे. बॅलन्स असेपर्यंत हे पुन्हा पुन्हा होतं. बंद झाल्यावरही परत चालू करून घ्यायला १५ दिवसांची सवलत असते. आणि बंद झालेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टातल्या एका प्रकरणातही स्पष्ट झालं. म्हणजे काकांच्या नंबरच्या मुख्य खात्यात शंभर रुपये पडून असते, तर तो पाच महिने आणखी जगला असता. पण हल्लीच्या प्लॅनमध्ये पैसे मुख्य खात्यात जातच नाहीत, सरळ दिवस आणि जीबी होतात. बहुतेकांच्या मुख्य खात्यात शून्य असतं. तुमच्याही असेल, आत्ता बघा. (२० रुपयांनी नंबर तुमच्या नावावर राहतो एवढंच. फोन लागेल आणि येईल असं नाही, त्यासाठी प्लॅन पाहिजेच.)

नंबर गेल्याबरोबर बाकीचंही ओढून गेलं. बँकेचा ओटीपी त्या नंबरवर, आधार त्या नंबरवर, गॅसचं बुकिंग त्या नंबरवर. बँकेत फॉर्म, मग आधारच्या केंद्रावर रांग. काका प्रत्येक ठिकाणी अर्धा दिवस मोडून गेले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पोस्टपेड असतं तर? बिल थकलं म्हणून फोन तिथेही कापतातच, पण आधी मुदत, मग आठवण, मग पुन्हा फोन, असं होत होत. शिवाय पोस्टपेडला तपशीलवार बिल येतं. प्रीपेडवाल्याला वापराचा तपशील हवा असेल तर मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा मागता येतो, पण त्याला जास्तीत जास्त ५० रुपये आकारू शकतात. म्हणजे आधी पैसे भरलेल्याला हिशोब विकत, आणि उधारीवाल्याला फुकट! हे मला अजून पटलेलं नाही. दुसरीकडे पोस्टपेडमध्ये एखादी नको असलेली सेवा चालू झाली किंवा परदेशात चुकून डेटा चालू राहिला तर बिल कुठपर्यंत जाईल सांगता येत नाही. मी काकांना पोस्टपेड घ्या म्हणून सांगून बघितलं. ते म्हणाले, "पोरी, बिल यायचंय ही गोष्ट डोक्यात असली ना की माझी छिन्नी सरळ चालत नाही." विषय संपला. सप्टेंबर २०२१ पासून प्रीपेडचं पोस्टपेड नुसत्या ओटीपीवर होतं, तसंच उलटही. पण प्रश्न फॉर्मचा नव्हताच.

हॉस्टेलमधल्या मंडळींसाठी दोन हिशोब. रोज दीड जीबी म्हणजे २८ दिवसांत बेचाळीस जीबी. आपल्याकडे वाय-फाय (चालतं तेव्हा) असताना यातला किती वापरता? उरलेला रात्री बारा वाजता जातो, उद्याला मिळत नाही. मी एक महिना मोजला, अर्धाही संपला नव्हता. आणि ज्या दिवशी वाय-फाय बंद आणि लिमिट संपलेलं, त्या दिवशी स्पीड ६४ केबीपीएस. दोन एमबीचा असाइनमेंटचा फोटो पाठवायला अडीचशे सेकंद, म्हणजे चार मिनिटं, तेही सगळं सुरळीत असेल तर. तेव्हा सबमिशनच्या रात्री डेटा जपून.

डेटा नकोच असलेल्यांसाठी आता सोय झाली आहे. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि मेसेजचे वेगळे प्लॅन ठेवायला लावले, आणि अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. जानेवारी २०२५ मध्ये असे प्लॅन आले, ८४ दिवसांचे साडेचारशे-पावणेपाचशेच्या घरात. आमच्या आजीचा बटणांचा फोन. तिने आयुष्यात एक एमबी वापरलेला नाही, आणि इतकी वर्षं आम्ही तिच्या नावाने जीबी विकत घेत होतो! आता तिला ८४ दिवसांचा मारते. ८४ म्हणजे पुन्हा २८ च्याच पाढ्यातले, पण बंदीचे एकसष्ट दिवस त्यात बसतात. बाबांनाही या वर्षी मेच्या शेवटी तोच मारायचा, असं ठरवलंय. रेक्टर मॅडम आणि वॉचमन काका, तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस असेल तर दुकानात "नेटशिवायचा" असं मागा. आपणहून कोणी सांगत नाही.

काकांनी नवा नंबर घेतला. माझ्या फोनमध्ये आता घरातल्या सगळ्यांच्या तारखा लावलेल्या आहेत, मुदतीच्या तीन दिवस आधी अलार्म वाजतो. लेक्चरमध्येही वाजतो. जुन्या नंबरवरच्या त्या बाईंना मी परत एकदा फोन केला, माफी मागितली आणि काय झालं ते सांगितलं. त्या नालासोपाऱ्याला कुठल्याशा वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. "मुझे क्या पता था, बेटा," म्हणाल्या, आणि काकांचा नवा नंबर लिहून घेतला. गेल्या दिवाळीच्या आधी काकांना एका जुन्या व्यापाऱ्याचा फोन आला. नंबर कुठून मिळाला विचारलं तर म्हणाला, तुमच्या नंबरवर बाई आहेत ना, त्यांनी दिला.